अपोफिस सेलेस्टियात बसवताना: लघुग्रहाच्या कक्षेचे आकडे कुठून घ्यायचे, कसे तपासायचे

१३ एप्रिल २०२९ ला अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जेमतेम ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, म्हणजे हा त्यांच्याही आतून जाणार. मी नाशिकच्या आसपासच्या शाळांत प्रोजेक्टर घेऊन जातो आणि सेलेस्टिया या अवकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांना हा प्रसंग दाखवतो. नेटवर फिरणारी एखादी तयार फाइल टाकली की अपोफिस त्या रात्री चंद्राच्याही पलीकडून निघून गेलेला दिसू शकतो. सॉफ्टवेअर ठीक असतं. आकडे भलत्या तारखेचे असतात, नाहीतर मध्येच कापलेले असतात. सुमारे ३४० मीटरचा खडक इतक्या जवळून जाताना बघायला मिळणं हे आपल्या पिढीचं भाग्य आहे, आणि मुलांना तो चुकीच्या जागी दाखवणं मला पटत नाही. म्हणून हा रस्ता तपशिलात लिहितोय. सेलेस्टियाऐवजी तुम्ही दुसरं काही वापरत असाल तरी आकड्यांचे नियम तेच.

आकडे कुठे मिळतात

मूळ ठिकाण मायनर प्लॅनेट सेंटर. हे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आहे आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या वतीने चालतं. जगभरच्या वेधशाळांची निरीक्षणं इथे जमा होतात, कक्षा इथे काढल्या जातात. त्यांची एमपीसीओआरबी नावाची फाइल म्हणजे चौदा लाखांहून अधिक लघुग्रहांची यादी, प्रत्येकाला २०२ अक्षरांची एक ओळ. सगळा लघुग्रह पट्टा एकदम दाखवायचा असेल तर हीच फाइल घ्या. फक्त पृथ्वीजवळचे हवे असतील तर त्यांची वेगळी, छोटी फाइल तिथेच आहे. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर फाइल हाताळावीही लागत नाही. सोलर सिस्टिम एडिटर हे प्लगइन चालू केलं की नाव टाकून कक्षा थेट तिथून घेता येते.

या फाइलमध्ये एक ठिकाण अडखळायला लावतं. एपॉक, म्हणजे आकडे ज्या क्षणाचे आहेत ती तारीख, पाच अक्षरांत दाबून लिहिलेली असते. के२५बीएल असं दिसलं तर के म्हणजे २०, पुढचे २५ म्हणजे वर्ष, बी म्हणजे अकरावा महिना आणि एल म्हणजे २१. झालं २१ नोव्हेंबर २०२५. नऊपर्यंत अंक, दहापासून अक्षरं, एवढाच तो हिशोब. ज्युलियन दिवसांत, म्हणजे एका ठरावीक आरंभापासून सलग मोजलेल्या दिवसांत, ही तारीख २४६१०००.५ होते.

दुसरं ठिकाण नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचं, म्हणजे जेपीएलचं. तिथल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. स्मॉल बॉडी डेटाबेसमध्ये एकेका लघुग्रहाचं पान असतं, आणि होरायझन्समध्ये आपण मागू त्या वेळची जागा मोजून मिळते. एकाच लघुग्रहावर नीट काम करायचं असेल तर मी सरळ जेपीएलकडे जातो. लॉवेल वेधशाळेची अ‍ॅस्टॉर्ब फाइल आणि इटलीतल्या पिसाची निओडिस सेवाही चांगल्या आहेत. एखादा आकडा खटकला तर पडताळायला त्यांचा उपयोग होतो.

पानावर आधी काय बघायचं

डेटाबेसमध्ये ९९९४२ शोधा. अर्धदीर्घ अक्ष (कक्षेच्या लांब व्यासाचा अर्धा) साधारण ०.९२२ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), विकेंद्रता (कक्षा किती लांबट आहे ते) ०.१९१, कक्षेचा कल ३.३ अंश असे आकडे दिसतील. ते उतरवून घेण्याआधी तीन गोष्टींवर नजर टाका.

पहिली, एपॉक. ग्रहांच्या ओढीमुळे कक्षा सतत किंचित बदलत असते, त्यामुळे कक्षेचे सहा आकडे (अक्ष, विकेंद्रता, कल आणि पुढे येणारे आणखी तीन कोन) त्या एका क्षणापुरते तंतोतंत असतात. नेहमीचे एपॉक २०० दिवसांच्या अंतराने पुढे सरकतात. तुम्हाला ज्या तारखेचं दृश्य हवंय, तिच्या जवळचा एपॉक घ्या. दुसरी, कंडिशन कोड. हा ० ते ९ असतो. ० म्हणजे कक्षा पक्की, ९ म्हणजे जवळजवळ अंदाज. तिसरी, निरीक्षणांचा कालावधी. चार दिवस दिसून हरवलेल्या लघुग्रहाची कक्षाही सात-आठ दशांशांपर्यंत छापलेली असते, पण त्या दशांशांवर विसंबता येत नाही. अपोफिस मात्र या बाबतीत उत्तम आहे. १९ जून २००४ ला अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेत सापडल्यापासून दुर्बिणींनी त्याचा पिच्छा पुरवलाय, आणि मार्च २०२१ मधल्या रडार निरीक्षणांनंतर पुढच्या शंभर वर्षांत टक्कर नाही हे नक्की झालं.

आता दशांश. इथे अजिबात काटकसर करू नका. समजा अर्धदीर्घ अक्ष तुम्ही चार दशांशांवर थांबवला. चूक जास्तीत जास्त ०.००००५ खगोलीय एकक, म्हणजे साडेसात हजार किलोमीटर. पण अक्ष बदलला की फेरीचा काळही बदलतो, आणि ही चूक दर फेरीला साठत जाते: एका फेरीत कक्षेच्या दिशेने सुमारे ७० हजार किलोमीटरपर्यंत. अपोफिसची फेरी ३२४ दिवसांची आहे. पावणेपाच-पाच वर्षांत चूक चंद्राच्या अंतराएवढी होते. कोनांचंही तसंच. मीन अ‍ॅनोमली (लघुग्रह फेरीत कुठवर आला ते सांगणारा कोन) दोन दशांशांवर गोल केली तर ०.००५ अंशांची चूक राहू शकते. सूर्यापासून एक खगोलीय एककावर तेवढा कोन १३ हजार किलोमीटरचा होतो. पृथ्वीचा व्यासच १२,७४२ किलोमीटर आहे! पानावर जेवढे अंक दिसतात तेवढे सगळे कॉपी करा.

फाइलमध्ये भरताना

सेलेस्टियाच्या एसएससी फाइलमध्ये (वस्तूचं वर्णन लिहायची टेक्स्ट फाइल) सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूचा अक्ष खगोलीय एककांत आणि पीरियड, म्हणजे फेरीचा काळ, वर्षांत द्यायचा असतो. जेपीएल पीरियड दिवसांत देतं. ३२३.६ तसाच टाकला तर अपोफिस सूर्याभोवती एका फेरीला ३२३ वर्षं घेईल. ३६५.२५ ने भागा. पडताळा सोपा आहे: अक्षाचा घन करून वर्गमूळ काढा, वर्षांतला पीरियड मिळतो. ०.९२२४ वरून ०.८८६ येतं. सेरेसचा अक्ष २.७६७, त्यावरून ४.६ वर्षं. माझ्याकडे येणारी नववीची मुलं हे कॅल्क्युलेटरवर करतात आणि केप्लरचा तिसरा नियम त्यांना तिथे पहिल्यांदा खरा वाटतो.

होरायझन्सच्या तक्त्यात एमए आणि टीए शेजारी शेजारी असतात. आपल्याला एमए हवा, म्हणजे मीन अ‍ॅनोमली. टीए ही खरी अ‍ॅनोमली, ती वेगळी. ओएम म्हणजे आरोही पाताचं स्थान (कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला वर जाताना जिथे छेदते तो बिंदू) आणि डब्ल्यू म्हणजे पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा (सूर्याच्या सर्वात जवळच्या बिंदूपर्यंतचा) कोन. आकडे सूर्यकेंद्री आणि जे२००० च्या (२००० सालच्या) क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या, प्रतलातले आहेत ना, हेही बघा. विषुववृत्ताच्या प्रतलातले आकडे क्रांतिवृत्ताचे समजून भरले तर सगळी कक्षा २३.४ अंशांनी कलते. केंद्र सूर्याऐवजी सूर्यमालेचं गुरुत्वमध्य घेतलं तर फरक दहा लाख किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो.

मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहासाठी एवढ्यावर काम भागतं. सरावाला ३००१२८ क्रमांकाचा घ्या. २००६ साली सापडलेला हा लघुग्रह २०१९ मध्ये पंडित जसराज यांच्या नावाचा झाला. त्यांची जन्मतारीख २८-०१-३०, ती उलटीकडून वाचली की हाच क्रमांक येतो. गाण्याची आवड असलेल्या घरात तो बसवून दाखवला की लोक खुर्ची ओढून जवळ येतात.

एक लंबवर्तुळ जिथे पुरत नाही

अपोफिसला २०२९ साठी मात्र कितीही अचूक सहा आकडे पुरत नाहीत. पृथ्वी त्याला इतकी जोरात वळवते की त्या रात्रीनंतर त्याचा अर्धदीर्घ अक्ष ०.९२ वरून १.१ खगोलीय एककाच्या आसपास जातो आणि तो एटेन गटातून (कक्षा पृथ्वीपेक्षा लहान) अपोलो गटात (कक्षा पृथ्वीपेक्षा मोठी) जातो. आधीचं लंबवर्तुळ वेगळं, नंतरचं वेगळं, आणि मधले काही तास दोन्हींपैकी कशातच बसत नाहीत. शिवाय उन्हाने तापलेल्या बाजूकडून उष्णता बाहेर पडताना जो बारीकसा धक्का बसतो, तो यार्कोव्स्की परिणामही जेपीएलच्या गणितात धरलेला असतो. आपल्या सहा आकड्यांच्या लंबवर्तुळात तो येत नाही.

अशा वेळी लंबवर्तुळ सोडून द्यायचं आणि होरायझन्सकडून तयार जागा मागायच्या.

होरायझन्समध्ये व्हेक्टर टेबल (वेळेनुसार जागेचे एक्स, वाय, झेड आकडे) निवडा. वस्तूच्या रकान्यात इंग्रजी अंकांत ९९९४२ लिहून पुढे अर्धविराम द्या. हा अर्धविराम फार महत्त्वाचा. नुसता ४ लिहिला तर मंगळाचं गुरुत्वमध्य मिळतं, ४ आणि अर्धविराम लिहिला तर व्हेस्टा. नुसता १ म्हणजे बुध, अर्धविरामासह सेरेस. केंद्र म्हणून सूर्य, प्रतल म्हणून जे२००० चं क्रांतिवृत्त, एकक किलोमीटर आणि सेकंद, आणि स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने मागा. आलेल्या मजकुरातून ज्युलियन दिवस, एक्स, वाय, झेड एवढेच चार रकाने ठेवून एक्सवायझेड नावाच्या विस्ताराची साधी टेक्स्ट फाइल करा. सेलेस्टियाच्या सँपल्ड ट्रॅजेक्टरीला (दिलेले बिंदू जोडून मार्ग दाखवणारी सोय) ती चालते.

किती वेळाने एक बिंदू घ्यायचा? दूर असताना दिवसाला एक पुरे. भेटीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन दिवस मी पाच मिनिटांनी एक घेतो, आणि जवळचे काही तास मिनिटाला एक. तुकडे वेगवेगळे मागवून जोडायचे. वेळ सतत वाढती राहिली पाहिजे, जोडावर एकच क्षण दोनदा आलेला चालत नाही.

आणखी एक बारकावा. सेलेस्टिया पृथ्वीची जागा स्वतःच्या वेगळ्या सूत्राने काढतं, होरायझन्सची पृथ्वी वेगळ्या गणितातली. एरवी तो फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण इथे किलोमीटर मोजायचे आहेत. म्हणून भेटीच्या दिवसांचा तुकडा पृथ्वी केंद्र धरून मागवा आणि टाइमलाइनमध्ये त्या टप्प्याचं केंद्र पृथ्वी द्या. चौकट जे२००० क्रांतिवृत्ताचीच आहे हे तिथे स्पष्ट लिहा, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

वेळ आणि पडताळणी

व्हेक्टर टेबलमधली वेळ टीडीबी (ग्रहगणितासाठीची एकसमान वेळ) असते, घड्याळातली यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नसते. सध्या दोन्हींत ६९.२ सेकंदांचा फरक आहे. सेलेस्टियाची एक्सवायझेड फाइल टीडीबीच धरते, म्हणून तिथे काही बदलायचं नाही. तुमचं सॉफ्टवेअर यूटीसी धरत असेल तर फरक वजा करा. अपोफिस पृथ्वीच्या सापेक्ष सेकंदाला ७.४ किलोमीटर वेगाने जाईल, म्हणजे तेवढ्या सेकंदांत पाचशे किलोमीटर.

आता घड्याळ १३ एप्रिल २०२९, २१ वाजून ४६ मिनिटं यूटीसीवर न्या. आपल्याकडे तेव्हा १४ तारखेचे पहाटेचे ३ वाजून १६ मिनिटं झालेले असतील. पृथ्वीच्या केंद्रापासून अंतर ३८ हजार किलोमीटरच्या आसपास दिसलं पाहिजे, आणि त्याच मिनिटाच्या अलीकडे-पलीकडे ते सर्वात कमी असलं पाहिजे. आकडा ३२ हजारांजवळ दिसला तर तुमचं सॉफ्टवेअर पृष्ठभागापासून मोजतंय. दोन्हींतला फरक पृथ्वीच्या त्रिज्येचा. एक लाख दिसला तर केंद्र, प्रतल आणि वेळ या क्रमाने मागे जाऊन बघा.

मुलं हमखास विचारतात, "सर, आपल्या गच्चीवरून कुठे दिसेल?" त्यासाठी पृथ्वीच्या केंद्रावरून काढलेली दिशा उपयोगाची नाही. इतक्या जवळच्या वस्तूची जागा बघणारा कुठे उभा आहे त्यानुसार साडेनऊ अंशांपर्यंत सरकते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी. होरायझन्समध्ये ऑब्झर्व्हर टेबल घेऊन स्वतःच्या गावाचे अक्षांश-रेखांश द्या (नाशिक साधारण २० उत्तर, ७३.८ पूर्व) आणि क्षितिजापासूनची उंची आणि दिशा मागा. अपोफिस ऑस्ट्रेलियाच्या बाजूने हिंदी महासागरावरून आफ्रिका आणि अटलांटिककडे सरकत जाणार असल्यामुळे आपल्याला तो सर्वात जवळ येण्याच्या आधीच्या तासांत बघायचा आहे. १३ च्या संध्याकाळपासूनचा तक्ता काढा. या टेबलमधली वेळ यूटीमध्ये असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा.

फाइलच्या पहिल्या ओळीत एक टीप लिहून ठेवा: आकडे कुठून घेतले, कोणत्या दिवशी घेतले, जेपीएलच्या पानावर कक्षेच्या उत्तराची तारीख काय होती. नव्या लघुग्रहांच्या बाबतीत कक्षा दिवसागणिक बदलते. २०२४ वायआर४ हा २७ डिसेंबर २०२४ ला सापडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची २०३२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि नवी निरीक्षणं आल्यावर काही दिवसांतच जवळपास शून्यावर आली. त्या मधल्या आठवड्यातली फाइल आजही कुणाच्या तरी संगणकावर असेल. अपोफिसची कक्षा पक्की असली तरी २०२९ च्या मार्चमध्ये मी सगळे तुकडे पुन्हा मागवणार आहे, आणि तुम्हीही मागवा.