झेंडूच्या रंगातले पांढरे पट्टे

दसऱ्याच्या तोरणातील झेंडूच्या रंगात मी 100 ग्रॅम पांढऱ्या लोकरीची लडी रंगवली, तेव्हा जिथे दोरा करकचून बांधला होता तिथे पांढरे पट्टे राहिले आणि बाकीचा पिवळाही डागाळलेला दिसला. लडी मी कोरडीच पातेल्यात टाकली होती, आणि कोरड्या लोकरीत पाणी सहजासहजी शिरत नाही. मग बोट आत जाईल इतके सैल दोरे बांधून लडी रात्रभर भिजवली, रंग धरावा म्हणून 15 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात हळूहळू तापवली आणि पुन्हा रंगात सोडली. पाणी उकळू दिले नाही, ढवळण्याचा मोहही (तोच अवघड!) आवरला, कारण उष्णतेत घुसळल्याने लोकरीचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत घट्ट गुंततात. लडी पातेल्यातच निवल्यावर पट्टे गेले होते. एका गाठीपाशी फिकट ठिपका तेवढा उरला.