धुरीकरणानंतर अळीच्या रक्तपेशी कशा तपासाव्यात

साठवणीतील धान्याच्या किडीवर धुरीचा, म्हणजे बंद जागेत सोडलेल्या विषारी वायूचा, परिणाम केवळ मेलेल्या अळ्या मोजून ठरवला, तर जिवंत राहिलेल्या अळ्यांच्या शरीरात काय बिघडले हे कळत नाही. कीटकाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी नसतात. धुरीचा वायू श्वासरंध्रांतून शिरून श्वासनलिकांच्या जाळ्याने थेट ऊतींपर्यंत पोहोचतो, आणि फॉस्फीन हा धुरीचा नेहमीचा वायू तर तेथे पेशींचे श्वसनच अडवतो. जखम बुजवणे व जंतू गिळणे ही कामे रक्तपेशींची असल्यामुळे त्यांची हानी झालेली अळी वाचली तरी रोगाला सहज बळी पडू शकते.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना यासाठी तांदळावरील पतंग, म्हणजे कॉर्सायरा, सर्वांत सोयीचा ठरतो, कारण ट्रायकोकार्ड (किडींची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डे) तयार करणाऱ्या प्रयोगशाळांत तो भरडलेल्या ज्वारीवर वाढवला जातो आणि त्याची पूर्ण वाढलेली अळी रक्त काढण्याइतकी मोठी असते. ॲल्युमिनियम फॉस्फाईड मात्र शिकाऊ प्रयोगात वापरू नये: 3 ग्रॅमची एक गोळी सुमारे 1 ग्रॅम फॉस्फीन सोडते आणि या विषावर उतारा नाही. त्याऐवजी निलगिरी तेलाची वाफ घ्यावी.

ॲसिटोनमध्ये मिसळलेले तेल गाळणकागदावर सोडून, ॲसिटोन उडाल्यावर तो कागद हवाबंद काचपात्राच्या झाकणाला आतून अशा रीतीने लावावा की अळ्यांचा त्याला स्पर्श होणार नाही. मात्रा थोड्याच अळ्या मरतील इतकी ठेवावी. तुलनेसाठी दुसऱ्या पात्रात फक्त ॲसिटोन लावून वाळवलेला कागद आणि तिसऱ्यात कोरा कागद असावा. 24 तासांनंतर प्रत्येक पात्रातील जिवंत अळ्या 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवाव्यात, म्हणजे रक्त गोठत नाही व काळेही पडत नाही. अळी टिपून कोरडी करावी आणि पोटाकडील एका पायाचे टोक बारीक कात्रीने छाटावे. तेथे जो पिवळसर, स्वच्छ थेंब येतो तो लगेच पांढऱ्या रक्तपेशी मोजण्याच्या पिपेटमध्ये (खुणा असलेल्या बारीक काचनळीत) 0.5 खुणेपर्यंत ओढून विरलक द्रावाने, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या द्रावाने, 11 पर्यंत भरावा. पहिले काही थेंब टाकून देऊन मग न्यूबावर कक्ष (पेशी मोजण्यासाठी चौरस आखलेली काचपट्टी) भरावा. चार कोपऱ्यांतील मोठ्या चौरसांत मिळून 120 पेशी दिसल्या, तर 120 × 20 × 10 ÷ 4, म्हणजे दर घनमिलिमीटरला 6000 पेशी (20 हे रक्त किती पट पातळ केले त्यासाठी, 10 हे कक्षाच्या 0.1 मिलिमीटर खोलीसाठी आणि 4 हे चौरसांच्या संख्येसाठी).

हा आकडा एकटा फसवा असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे खोलीचे तापमान 40 अंशांवर गेले की अळीच्या अंगातील पाणी उडते, रक्त दाट होते आणि पेशी वाढल्याचा भास होतो. कात टाकण्याच्या सुमारासही संख्या बदलते. म्हणून तिन्ही पात्रांतील अळ्या एकाच वयाच्या घ्याव्यात, पात्रे एकाच तापमानात ठेवावीत आणि प्रत्येक अळीच्या दुसऱ्या थेंबाची काचपट्टी गीम्सा रंगाने रंगवून किमान 200 पेशी प्रकारवार मोजाव्यात. रक्तपेशींच्या प्रकारांपैकी प्लाझ्माटोसाइट सहसा टोकदार, तर्कूसारख्या (चातीसारख्या) असतात आणि ग्रॅन्युलोसाइट गोलसर, कणांनी भरलेल्या. इजा झालेल्या पेशीत पोकळ्या पडतात, कडा फाटते, केंद्रक आक्रसते. संख्या घटली पण पेशींचा आकार शाबूत असेल, तर त्या मेल्या असे लिहू नये. त्या ऊतींना चिकटून राहिल्या असण्याचीही शक्यता असते.