आयबी मॅथ्सच्या आयएला मार्क नक्की कशाचे मिळतात, आणि सबमिट करण्याआधी ते स्वतः कसे मोजायचे

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाला कुठलंही मॅथ्स घ्या, अ‍ॅनालिसिस अँड अप्रोचेस असो की अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, एसएल (स्टँडर्ड लेव्हल) असो की एचएल (हायर लेव्हल), आयए म्हणजे इंटर्नल असेसमेंट कुणालाच चुकत नाही. कागदोपत्री त्याचं नाव मॅथेमॅटिकल एक्सप्लोरेशन, म्हणजे स्वतः एक प्रश्न निवडायचा, गणित घेऊन त्याच्या मागे लागायचं आणि ते सगळं साधारण १२ ते २० पानांत लिहून काढायचं. मार्क २०, आणि फायनल ग्रेडमध्ये वजन २० टक्के. मुलं महिनोन्महिने यावर घासतात पण हे २० मार्क कुठून येतात ते वाचतच नाहीत, कारण गणित बरोबर आलं की मार्क येणारच हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तसं होत नाही. गणिताचे थेट मार्क आहेत ६, बाकीचे १४ भलत्याच गोष्टींचे आहेत.

स्टेप १ : आधी वाटणी बघा

पाच क्रायटेरिया, म्हणजे मार्क देण्याचे निकष, आहेत. ए म्हणजे प्रेझेंटेशन ४ मार्क, बी म्हणजे मॅथेमॅटिकल कम्युनिकेशन ४, सी पर्सनल एंगेजमेंट ३, डी रिफ्लेक्शन ३ आणि ई यूज ऑफ मॅथेमॅटिक्स ६. ही वाटणी २०२१ च्या परीक्षेपासूनची आहे. हे मुद्दाम सांगतोय कारण नेटवर जे सॅम्पल आयए फिरतात त्यातले बरेच त्याच्या आधीचे असतात, तेव्हा पानं ६ ते १२ होती, पर्सनल एंगेजमेंटला ४ मार्क होते, त्यामुळे तो जुना नमुना समोर ठेवून स्वतःचे मार्क मोजाल तर हिशोब चुकणारच. एसएल आणि एचएलला ए ते डी सेम आहेत, फरक फक्त ई मध्ये.

स्टेप २ : मार्क कोण देतं आणि कसं देतं

पहिले मार्क देतात तुमचेच टीचर. मग शाळेतले काही आयए सॅम्पल म्हणून आयबीकडे जातात, तिथे मॉडरेटर ते पुन्हा तपासतो, आणि टीचरचे मार्क सढळ किंवा कंजूष निघाले तर त्या शाळेतल्या बाकीच्या मुलांचे मार्कसुद्धा त्या हिशोबाने खालीवर होतात. म्हणजे "आमच्या सरांना माहितीये मी किती मेहनत घेतलीये" याला फारसा अर्थ उरत नाही, मॉडरेटरने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं, त्याच्या हातात फक्त पानं असतात. जे पानावर नाही ते झालंच नाही असं समजून चाला.

दुसरी गोष्ट, इथे पेपरसारखं एका स्टेपला एक मार्क असं नसतं. प्रत्येक क्रायटेरियनमध्ये ०, १, २ अशा लेव्हल असतात आणि प्रत्येक लेव्हलचं एक वर्णन असतं, ते वर्णन वाचून तुमचं काम कुठल्या वर्णनाला जास्तीत जास्त जुळतं ते बघतात, याला बेस्ट फिट म्हणतात. अर्धा मार्क नाही. आणि पाचही क्रायटेरिया एकमेकांपासून सुटे आहेत, ई मध्ये ६ मिळाले म्हणून डी मध्ये ३ मिळतील असं काही नाही.

स्टेप ३ : ई पासून सुरुवात करा, सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे

ई मध्ये तीन गोष्टी बघतात : गणित विषयाला धरून आहे का, कोर्सच्या लेव्हलचं आहे का, आणि तुम्हाला ते समजलंय हे दिसतंय का. कोर्सच्या लेव्हलचं म्हणजे सिलॅबसमधलं, किंवा तितक्याच तोडीचं, किंवा थोडंसं पुढचं. नुसती सरासरी, टक्केवारी आणि पायथागोरस यावर अख्खा आयए उभा केला तर ई मध्ये २ च्या वर जाता येत नाही, उत्तरं शंभर टक्के बरोबर असली तरी. उलट बाजूने मुलं युनिव्हर्सिटीच्या पुस्तकातलं काहीतरी भारी उचलून आणतात, चार पानं सिद्धता उतरवून काढतात, आणि मग पाचव्या पानावर एक साधा शब्द असा चुकीचा वापरतात की वाचणाऱ्याला लगेच कळतं हे उतरवलेलं आहे. समज दिसली नाही की मार्क तिथेच अडकतात. आयबी स्वतःच म्हणतं की खूप काही कसंतरी करण्यापेक्षा थोडंच पण नीट करा, सिलॅबसमधला एखादा टॉपिकसुद्धा पुरतो.

एसएलला ६ साठी गणित बरोबर असावं लागतं आणि समज पक्की दिसावी लागते. एचएलला त्याच ६ साठी प्रिसिजन, सॉफिस्टिकेशन आणि रिगर हवं, म्हणजे हिशोब चोख, प्रत्येक पायरीला कारण दिलेलं, आणि गणितात थोडी खोली, एकच गोष्ट दोन बाजूंनी बघितलेली वगैरे. एचएलवाल्यांनी एसएलचा २० पैकी १९ वाला सॅम्पल बघून निर्धास्त होऊ नये एवढंच.

स्टेप ४ : सी आणि डी, जिथे सगळे थापा मारतात

पर्सनल एंगेजमेंट म्हणजे "मला लहानपणापासून फुटबॉलची आवड आहे" हा पहिला परिच्छेद नव्हे. याने शून्य फरक पडतो. किती तास घालवले, किती मनापासून केलं, हेही इथे मोजत नाहीत. प्रश्न तुम्ही स्वतःचा केलात का, स्वतःचा डेटा, स्वतःचं उदाहरण, "असं केलं तर काय होईल" म्हणून स्वतःहून उचललेलं एखादं पाऊल, हे बघतात. तिसऱ्या मार्कासाठी हे ठळकपणे आणि बऱ्याच ठिकाणी दिसायला लागतं, आणि तो मार्क खरंच फार थोड्यांना मिळतो.

रिफ्लेक्शनचं, म्हणजे स्वतःच्या कामाकडे मागे वळून चिकित्सेने बघण्याचंही तसंच. शेवटी एक परिच्छेद टाकायचा, मला खूप शिकायला मिळालं, वेळ अजून असता तर अजून डेटा घेतला असता, झालं रिफ्लेक्शन. हे लिमिटेड, १ मार्क. २ साठी मीनिंगफुल आणि सगळ्यात वरच्या ३ साठी क्रिटिकल रिफ्लेक्शन लागतं आणि ते कसं असतं हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ.

समजा एका मुलीने गरम पाणी थंड कसं होतं यावर आयए घेतला. खोली २० अंश, पाणी सुरुवातीला ९० अंश, १० मिनिटांनी ६०, २० मिनिटांनी ४५, ३० मिनिटांनी ३६. न्यूटनचा नियम म्हणतो की खोलीपेक्षा जितकं जास्त तापमान तितक्या वेगाने ते घटतं, आणि तो वेग ठरवणारा एक स्थिरांक असतो, त्याला आपण के म्हणू. पहिल्या १० मिनिटांत खोलीपेक्षा जास्तीचं तापमान ७० वरून ४० वर आलं, लॉग घेऊन के आला ०.०५६. हा के धरून ३० व्या मिनिटाचं तापमान काढलं तर येतं ३३.१, आणि थर्मामीटर दाखवतोय ३६. जवळजवळ तीन अंशांचा फरक.

आता इथे बहुतेक जण लिहितात, फरक मानवी चुकीमुळे असू शकतो. संपलं, पुढचा टॉपिक.

या मुलीने काय केलं, प्रत्येक १० मिनिटांसाठी के वेगळा काढला : ०.०५६, मग ०.०४७, मग ०.०४५. म्हणजे जो स्थिर असायला हवा तो घटतोय, आणि सुरुवातीला जास्त घटतोय. मग ती विचारते की न्यूटनच्या नियमात बाष्पीभवन धरलेलंच नाही, आणि पाणी जितकं गरम तितकं ते जास्त, तर सुरुवातीचा के फुगलेला असणार, म्हणूनच तो वापरून पुढचं तापमान कमी येतंय. आणि मग ती भांड्यावर झाकण ठेवून पुन्हा मोजते आणि के खरंच स्थिर होतो का ते बघते. झाकणाचं उत्तर काहीही येवो, हे दीड पान डी मध्ये तिला वर नेतं, सी मध्येही नेतं कारण झाकणाची आयडिया तिची स्वतःची, आणि ई मध्येही समज दाखवतं. एचएलची असेल तर तिने तापमानाचं सूत्र डिफरन्शियल इक्वेशनवरून स्वतः काढून दाखवावं, तेही हवंच.

रिफ्लेक्शन कुठे शोधायचं याचं उत्तर यातच आहे : जिथे आकडा अपेक्षेप्रमाणे आला नाही तिथे थांबून लिहायचं, शेवटच्या पानाची वाट बघायची नाही.

स्टेप ५ : बी आणि ए, फुकट जाणारे मार्क

बी मध्ये चिन्हं, ग्राफ, टेबल, व्याख्या. कॉम्प्युटरची चिन्हं, म्हणजे गुणाकाराला तारा आणि घाताला ती टोपी, आयएमध्ये चालत नाहीत. राउंड केलेल्या आकड्यापुढे सरळ बरोबरचं चिन्ह टाकू नका, अंदाजे बरोबरचं टाका. ग्राफच्या दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक. एकदा के म्हणजे काय ते सांगितलं की पुढे तेच अक्षर दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. ४ पैकी ४ साठी हे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखं लागतं, आणि खरं सांगायचं तर याला हुशारी लागत नाही, एक संध्याकाळ आणि लाल पेन पुरतं.

ए मध्ये शेवटचा मार्क कन्साइज, म्हणजे फापटपसारा न करता लिहिलेलं, असण्याचा आहे, आणि तो घालवणारी दोन कारणं नेहमीची : तेच गणित पाच वेळा पूर्ण सोडवून दाखवणं (एकदा दाखवा, बाकीचं टेबलमध्ये) आणि लांबलचक कच्चा डेटा मध्येच ओतणं, तो अपेंडिक्समध्ये जाऊ द्या. २० च्या वर पानं गेली म्हणून आपोआप मार्क कापत नाहीत, पण २६ पानांचा आयए कन्साइज आहे हे मॉडरेटरला पटवणं अवघड. दुसऱ्याचं जे काही घेतलं, सूत्र, चित्र, कल्पना, त्याचा उल्लेख ते वापरलंय त्याच जागी करा. शेवटी नुसती यादी जोडणं पुरत नाही, आणि हा मुद्दा मार्कांच्याही पलीकडे जातो, थेट अ‍ॅकॅडमिक मिसकंडक्टचा होऊ शकतो.

स्टेप ६ : आता स्वतःच मार्क द्या

प्रिंट काढा. स्क्रीनवर हे होत नाही. आयबीच्या गाइडमधले पाचही क्रायटेरियाचे वर्णन बाजूला ठेवा आणि एका वेळी एकच क्रायटेरियन घेऊन अख्खा आयए वाचा, म्हणजे पाच वेळा, कंटाळा येतो पण पर्याय नाही. डी वाचताना जिथे रिफ्लेक्शन दिसेल तिथे समासात डी लिहा, सी दिसलं की सी. मग अक्षरं कुठे पडलीयेत ते बघा. सगळे डी शेवटच्या दोन पानांत गोळा झाले असतील, किंवा सी फक्त प्रस्तावनेत असेल, तर काय करायचं ते तुमचं तुम्हालाच दिसतं. मार्क देताना शंका असेल तर खालची लेव्हल धरा, कारण आपलं लिखाण वाचताना डोकं मधल्या गाळलेल्या जागा आपोआप भरून घेतं आणि तसं डोकं मॉडरेटरकडे नसतं. जमलं तर हाच ड्राफ्ट वर्गातल्या कुणाला द्या आणि विचारा, कुठे अडकलास. आयए हा तुमच्याइतकंच गणित येणाऱ्याला समजावा असं धरून लिहायचा असतो, तेव्हा मित्र अडकला तर दोष त्याचा नाही.

स्टेप ७ : टीचरचा फीडबॅक एकदाच मिळतो, तो वाया घालवू नका

नियमाप्रमाणे टीचर एकच ड्राफ्ट वाचून सल्ला देऊ शकतात, तोंडी किंवा लेखी, चुका दुरुस्त करून देऊ शकत नाहीत, आणि त्यानंतर जे द्याल ते फायनल. म्हणून अर्धवट ड्राफ्ट देऊ नका, निष्कर्षाशिवाय दिला तर निष्कर्षाबद्दल काहीच ऐकायला मिळणार नाही. स्टेप ६ आधी करा आणि ड्राफ्टसोबत नेमके प्रश्न घेऊन जा. "सर, कसा झालाय" विचारलं तर "छान आहे, अजून थोडं रिफ्लेक्शन घाल" इतकंच उत्तर येतं. त्याऐवजी "पान ९ वर मी दोन मॉडेलची तुलना केलीये, ती मीनिंगफुलच्या पुढे जाते का", किंवा "पान ५ ची पायरी एचएलसाठी पुरेशी सिद्ध केलीये का" असं विचारा, पानाचा नंबर आणि क्रायटेरियनचं अक्षर दोन्ही घेऊन. आणि उत्तर ऐकताना लिहून घ्या, कारण सगळे ड्राफ्ट एकाच आठवड्यात येतात आणि महिन्याभराने टीचरलाही आठवत नाही की तुम्हाला नक्की काय सांगितलं होतं.