वेबकॅम अर्डुइनोला जोडताय? या चुका टाळा

वेबकॅमची केबल कापून आतल्या हिरव्या-पांढऱ्या तारा अर्डुइनो ऊनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पिनांना जोडल्याचा फोटो कुणी ना कुणी पाठवतंच. खाली ठरलेला प्रश्न: कोड कुठे मिळेल? कुठेच मिळणार नाही. यूएसबीत एक होस्ट (विचारणारा) लागतो आणि एक डिव्हाइस (उत्तर देणारं). वेबकॅम डिव्हाइस, आणि ऊनोचं पोर्टही डिव्हाइसच. विचारणारं कुणीच नाही, मग उत्तर कोण देणार?

होस्ट शील्ड, म्हणजे ऊनोला होस्ट बनवणारा वर बसवायचा बोर्ड, घेऊनही भागत नाही. ६४० × ४८० चं एक कच्चं चित्र, पिक्सेलला २ बाइट धरले तर, ६,१४,४०० बाइटचं होतं. नेहमीच्या ऊनोची (आर३) रॅम २,०४८ बाइट. लायब्ररी शोधण्याआधी हा गुणाकार करायला काय जातं?

एका स्पर्धेतल्या मुलांनी चेंडूमागे जाणाऱ्या रोबोसाठी रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) घेतला होता, वेबकॅम त्यालाच लावला होता. इथवर उत्तम. पण ‘निर्णय अर्डुइनोने घ्यायचा’ या हट्टापायी ते अख्खं चित्र सिरियलवरून (एकामागून एक बिट नेणाऱ्या तारेवरून) अर्डुइनोला एकेक ओळ पाठवत होते. एक ओळ १,२८० बाइटची, म्हणजे रॅममध्ये मावते, म्हणून खूश. सिरियलचा वेग १,१५,२०० बॉड, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. एका चित्राला ५३ सेकंद. तोवर चेंडू मैदानाबाहेर. मी म्हटलं, चेंडू पायवरच शोधा आणि तो डावीकडे आहे की उजवीकडे, एवढा एकच बाइट खाली पाठवा. त्याच संध्याकाळी रोबो चेंडूमागे वळायला लागला.

मग नवं दुखणं: चाकं फिरली की कॅमेरा गायब. मुलं कॅमेऱ्याच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरला शिव्या देत ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकायला बसली. मोटारी आणि पाय एकाच ५ व्होल्टवर होते. मोटर सुरू होताना व्होल्टेज बसायचं आणि कॅमेरा डिस्कनेक्ट व्हायचा. मी मोटारींना कायम वेगळी बॅटरी देतो, ग्राउंड मात्र एकत्र. आणि स्क्रीनवर चेंडूच्या जागेचे आकडे नीट दिसेपर्यंत मोटारी जोडतच नाही. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना आधी रोबो पळताना बघायचा असतो.

रंग ओळखायचा असेल तर कॅमेऱ्याचे ऑटो व्हाइट बॅलन्स आणि ऑटो एक्स्पोजर (रंग आणि उजेड आपोआप बदलणं) बंद करा, नाहीतर दिवा लागला की लाल चेंडू नारिंगी होतो.

रोबो उशिरा वळतोय? ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या लायब्ररीच्या बफरमध्ये साठलेल्या शिळ्या फ्रेम तपासा. फ्रेम वाचायला मी वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममधलं समांतर चालणारं काम) ठेवतो.

ऊनोऐवजी ईएसपी३२ मालिकेतली मायक्रोकंट्रोलर चिप घ्यायची असेल, तर ईएसपी३२-एस३ला यूएसबी होस्ट जमतं, साध्या ईएसपी३२ला नाही. पण तेही फुल स्पीड, म्हणजे १२ मेगाबिटच. एमजेपीईजी (दाबून लहान केलेली चित्रं) देणारा वेबकॅम आणि लहान रेझोल्यूशन असेल तरच नादी लागा. त्यापेक्षा ओव्ही२६४० हा कॅमेरा सेन्सर असलेला बोर्ड सरळ पडतो.

ऊनोची टीएक्स (पाठवणारी) पिन पायच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) थेट जोडू नका. ऊनो ५ व्होल्ट देतो, पायच्या पिना ३.३ च्या. मध्ये लेव्हल शिफ्टर टाका, निदान व्होल्टेज विभागणारे दोन रेझिस्टर तरी.