ॲक्रिलिकवरच्या क्लायंटना जेलवर आणताना

"जेलमध्ये केमिकल नसतं ना ताई?" हा प्रश्न येणारच. त्यावर "छे हो, एकदम सेफ" म्हणून मोकळ्या होऊ नका. ॲक्रिलिक आणि जेल, नखांवर लावायचे हे दोन्ही कृत्रिम थर, एकाच घरातली भावंडं. एक लिक्विड-पावडर मिसळली की आपोआप कडक होतं, दुसऱ्याला दिव्याचा प्रकाश लागतो. जेलला उग्र वास नसतो, नख थोडं लवचिक राहतं, नखावरचा भार कमी वाटतो. एवढं खरं आहे, एवढंच सांगा.

आधी जुनं काढायचं. लांबी कापून घ्या, वरचा थर फाइलने पातळ करा, मग असिटोनचा कापूस आणि फॉइल. अर्ध्या-पाऊण तासात ॲक्रिलिक मऊ पडायला हवं. ढिम्म हललं नाही, तर आधीच्या पार्लरमध्ये बहुधा एमएमएवालं (मिथाइल मेथाक्रिलेट) स्वस्त लिक्विड वापरलेलं असतं. अमेरिकेत एफडीएने (तिथली औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) शुद्ध एमएमएच्या नेल प्रॉडक्ट्सवर १९७० च्या दशकातच कारवाई केली होती. चांगल्या लिक्विडमध्ये ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असतं. असं हट्टी ॲक्रिलिक पुशरने (चपट्या टोकाच्या हत्याराने) उचकटायचं नाही म्हणजे नाही. त्याच्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. नखावर पातळ थर शिल्लक ठेवा आणि पुढच्या रिफिलांमध्ये (नख वाढल्यावर मागची मोकळी जागा भरताना) तो वाढून जाऊ द्या.

आता ज्यात मी स्वतः अडकले, ते. इथे पाल्हाळ लावणार आहे, चालवून घ्या.

जेल कडक होताना उष्णता बाहेर पडते. थर जाड, तर चटका जास्त. बरीच वर्षं ॲक्रिलिक लावून, ड्रिलने घासून पातळ झालेल्या नखाला तर तो फारच जाणवतो. म्हणजे नेमकी जी बाई ॲक्रिलिक सोडून तुमच्याकडे आलीये, तीच दिव्यात हात घातल्या घातल्या "आई गं!" करून बाहेर काढते. फुंकर मारते, हसते, परत घालते. तोवर टायमर पुढे सरकलेला असतो. तो संपला की आपण चिकट थर पुसतो, नख चकचकीत दिसतं, फोटो निघतो. वरून कडक, आत कच्चं.

हे कच्चं जेल त्या दिवशी काहीच त्रास देत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी नखाभोवती खाज, लाली, बारीक पुरळ, मग लिफ्टिंग, म्हणजे जेल नखापासून सुटणं. ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा आयुष्यभर राहते, आणि जेलमधली एचईएमएसारखी द्रव्यं दातांच्या फिलिंगमध्येही असतात, म्हणजे उद्या डेंटिस्टकडेही अडचण. तुमच्या स्वतःच्या बोटांनाही हाच धोका आहे. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला, जेल लागलं की लगेच बदला आणि ब्रश बोटाने पुसायची सवय आजच मोडा.

उपाय सोपे आहेत, घाबरू नका. बिल्डर जेल (नखाला जाडी आणि आकार देणारं जेल) एका जाड थेंबात न लावता दोन पातळ थरांत लावा. दिव्याला लो-हीट मोड असेल तर तो वापरा, नसेल तर काही सेकंद आत, जरा बाहेर, मग पूर्ण वेळ. क्लायंटला आधीच सांगा: "गरम लागलं तर हात काढा, पण परत घातल्यावर वेळ पहिल्यापासून." अंगठे वेगळे ठेवा, चार बोटांबरोबर ते आडवे पडतात आणि त्यांच्यावर प्रकाश नीट येत नाही. जेल त्वचेवर ओघळलं तर दिव्यात जाण्याआधी काडीने साफ करा.

आणि दिवा! ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त दिव्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. तुमच्या जेलला कुठली तरंगलांबी लागते (बहुतेक ३६५ ते ४०५ नॅनोमीटरमध्ये) आणि दिवा ती पुरेशी देतो का, हे बघायचं. सरळ जेलच्या कंपनीने सुचवलेलाच घ्या. तिथे पैसे वाचवायचे नसतात, हे माझं ठाम मत.

दुसरं ठाम मत क्लासांबद्दल. लावायला सगळे शिकवतात, काढायला कोणी शिकवत नाही. फी भरण्याआधी मॅडमना विचारा, रिमूव्हलला किती वेळ देता? त्या हसल्या तर दुसरा क्लास बघा. रील बघून ड्रिल हातात धरणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

पहिल्याच दिवशी उघड्या नखांचा फोटो काढून ठेवा. ॲक्रिलिकखाली आधीच खराब झालेलं नख उघडं पडतं आणि खापर जेलवर, म्हणजे तुमच्यावर, फुटतं. नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, पूर्ण नवं यायला सहाएक महिने. तोवर लांबी कमी ठेवा, हे त्यांना नीट समजावलं तर बहुतेक जणी ऐकतात. लग्नसराईत नवरी आली तर हळदीआधी फिकट रंग लावू नका, पिवळा पडतो. पावसाळ्यात लिफ्टिंगखाली हिरवट डाग दिसला तर वर काही न लावता सगळं काढा आणि डॉक्टरकडे पाठवा.

रिमूव्हलचे पैसे वेगळे घ्या, बोर्डावर लिहूनच. फुकट केलं की ते घाईत होतं. आणि एखादीला लांबलचक, दगडासारखी नखंच हवी असतील तर ओढूनताणून जेलवर आणू नका. तिला चांगल्या लिक्विडचं ॲक्रिलिकच लावून द्या.