एक कान चांगला आहे ना, मग झालं? या चुका टाळा

मागून टाळी वाजवली, पोरगं वळलं, म्हणजे कान बरा. कोल्हापुरात घरोघरी होणारी ही परीक्षा फसवी आहे. एकाच कानाने ऐकणारं मूलही वळतं. ते योग्य बाजूला वळलं का, हे कुणी बघत नाही. नेहमी एकाच बाजूला वळत असेल, तर दोन्ही कानांची वेगवेगळी तपासणी करा. लहान बाळासाठी बेरा टेस्ट असते, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते यंत्राने बघणं. बाळ झोपेत असतानाच होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘एका कानावर भागतंय’ म्हणून थांबणं. उजवीकडचा आवाज डाव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिरा आणि थोडा मंद पोचतो. त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढतो. हे जुळणारं जाळं पहिल्या काही वर्षांत दोन्ही कानांच्या आवाजावरच घडतं. एक बाजू बहिरी राहिली की मेंदू चालू कानाकडे झुकतो. पुढे दुसऱ्या कानाला ऐकण्याचं मशीन लावलं तरी तो झुकाव सहज जात नाही. जन्मतः दोन्ही कान बहिरे असतील आणि कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) करायचं ठरलं, तर दुसऱ्या कानाचं ‘नंतर बघू’ म्हणू नका. दोन्ही एकदम किंवा थोड्याच अंतराने करता येईल का, हे आधीच विचारा. जगभर पाळायचा हिशोब असा: जन्मापासून 1 महिन्यात चाचणी, 3 महिन्यांत निदान, 6 महिन्यांत उपचार.

सर्दीनंतर कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. बऱ्याचदा आपोआप ओसरतं, पण तीन महिने उलटूनही ऐकू कमी येत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. कोमट तेल पडद्यापलीकडे पोचतच नाही, उलट पडदा फाटलेला असला तर अपाय. (आजीला हे सांगणं अवघड, मान्य.) पाणी गेल्यावर चाचणी नॉर्मल येते, तरी वारंवार त्रास झालेल्या काही मुलांना गोंगाटात ऐकणं बरेच महिने जड जातं. शांत खोलीत नीट बोलणारं पोर महाद्वार रोडच्या गर्दीत हाकेला ओ देत नसेल, तर लगेच ‘हट्टी’ ठरवू नका.

वर्गात चांगला कान बाईंकडे, मागचा बाक नको. मशीन फक्त शाळेपुरतं नको, जागेपणी दिवसभर हवं. खर्चाची धास्ती असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात विचारा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपणही आहे.