ऐकलेला इंग्रजी शब्द शब्दकोशात कसा शोधावा

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून इंग्रजी-मराठी शब्दकोश विकत घेणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी: मराठीत शब्द बहुधा उच्चारतो तसाच लिहितो, परंतु इंग्रजी कोशाचा वर्णक्रम उच्चारावर नव्हे, तर स्पेलिंगवर बेतलेला असतो. त्यामुळे कानावर पडलेला ‘न्यूमोनिया’ हा शब्द ‘एन’खाली सापडत नाही, तो ‘पी’खाली असतो, आणि तेथेच ‘सायकॉलॉजी’ही असते. आरंभी ‘न’ ऐकू आल्यास ‘एन’नंतर ‘के-एन’, ‘जी-एन’ आणि ‘पी-एन’ हे गट पाहावेत. ‘र’साठी ‘आर’, ‘आर-एच’ आणि ‘डब्ल्यू-आर’, तर ‘फ’साठी ‘एफ’ व ‘पी-एच’. माझ्या मते ‘स’ सर्वांत फसवा आहे, कारण तो ‘एस’, ‘सी’, ‘एस-सी’ आणि ‘पी-एस’ अशा अनेक ठिकाणी विखुरलेला असतो.

स्वतःची शब्दवही करायची असेल, तर ‘एस’, ‘सी’ आणि ‘पी’ यांना भरपूर पाने द्यावीत. ‘एक्स’ला अर्धे पानही पुरते. अर्थाशेजारी देवनागरीत उच्चार अवश्य लिहावा, आणि ज्या अक्षराखाली आपण तो शब्द चुकून शोधला असता, तेथेही ‘पीखाली पाहा’ अशी नोंद करून ठेवावी.